नटांवरच्या पिवळ्या रेघा

नाही नाही, चावी माझ्याकडेच आहे, ती काही कुठे जात नाही — तुम्ही आधी चहा घ्या ना, काका. अब्बा येतीलच इतक्यात. नाना पेठेत गेलेत, शॉकअप आणायला. तुमच्या गाडीचे नाही, दुसऱ्या एका गाडीचे — तुमचे तर कालच बसवले, लांब दांड्याचे. फोन? केला मी. उचलत नाहीत. स्कूटरवर असले की उचलत नाहीत, आणि स्कूटरवर नसले की खिशात वाजतोय हे त्यांना कळत नाही. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय सुटलाय — इथे बसा, या सीटवर. जुन्या जीपची सीट आहे, पण सोफ्यापेक्षा बरी. हो, माहितीये, त्यांनीच बोलावलं तुम्हाला. मी जिन्यातच उभी होते तेव्हा. ‘सुखदेवभाऊ, पिकअप तयार आहे, मी नसलो तरी घेऊन जा, चावी मुलीकडे ठेवली आहे.’ असंच म्हणाले ना? मुलगी म्हणजे मी. मेहजबीन. पण तरी पाच मिनिटं थांबा. चहात आलं घातलंय.

मी एरवी गिऱ्हाइकांशी बोलत नाही. विचारा कोणालाही. चहाचा ट्रे ठेवते आणि वर जाते — आमचं घर वरच आहे, हा जिना सरळ स्वयंपाकघरात निघतो. अम्मी म्हणते, ही शाळेत काय करते देव जाणे, बाईंनी प्रश्न विचारला तर वहीत तोंड घालते. दहावीत आहे. सध्या अभ्यासाची सुट्टी आहे, म्हणून दुपारची घरी. अभ्यास होत नाही ते वेगळं. खाली हातोडा वाजला की मला कळतं, स्प्रिंगचा पाटा तापवून मारतायत की थंडच, आणि मग भूगोलात काय लक्ष लागणार! आत्ता खाली कोणी नाही म्हणून सगळं शांत आहे. मिस्त्री गावाला गेलेत, अब्बा पेठेत, आणि ती — तिची कॉलेजात तोंडी परीक्षा आहे आज. संध्याकाळी येईल. येईलच. ती आल्याशिवाय राहते थोडीच.

तुमची गाडी आली तेव्हा मी वरच्या खिडकीतून बघत होते. मागून पार बसली होती, रिकामी असून. म्हातारं कुत्रं बसतं तशी. अब्बांनी नुसतं एकदा मागे जाऊन फळक्यावर हात दाबला आणि म्हणाले, पाटे मेले. तुम्ही तेव्हा सांगत होतात, पानशेतच्या पुढे डोंगरावरच्या वाडीला पाण्याची लाइन टाकायची आहे, सिमेंट आणि लोखंडी पाइप वर न्यायचे, आणि रस्ता म्हणजे नुसता दगड. आता यात गंमत काय आहे माहितीये का — नुसते पाटे वाढवत गेलं ना, तर वजन झेपतं, पण रिकामी गाडी दगडावर अशी उडते की डोकं टपाला लागतं. आणि पाटे मऊ ठेवले तर कच्च्या रस्त्यावर चाक छान खाली-वर होतं, पण सिमेंट भरलं की पोट टेकतं. दोन्ही कसं जमवायचं? म्हणून अब्बांनी वरचे पाटे लांब आणि बारीक घातले, आणि सगळ्यात खाली एक जाड, आखूड पाटा. तो रिकाम्या गाडीत नुसता बसून असतो, आमच्या मामूंसारखा, आणि वजन अंगावर आलं की मगच कामाला लागतो. आणि मागची बाजू उचलली म्हणून शॉकअप लांब. आणि यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट जुने परत लावायचेच नाहीत, एकदा ताणले गेले की संपले. तेच तर सगळं धरून ठेवतात — खाली चाकांचा ॲक्सल, वर पाट्यांचा गठ्ठा, आणि दोघांना आवळून यू-बोल्ट. ते ढिले राहिले तर मग बाकी कितीही चांगलं काम करा, ॲक्सल आपल्या मनाने सरकतो.

मला कसं माहीत म्हणजे? इथेच वाढले मी. तुम्ही बसलात ना, त्या सीटवर माझी दुपारची झोप व्हायची. आणि मला एक काम होतं इथे. खोटं खोटं नाही, खरंखुरं काम. आमच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे, बाकी खडकीत कोणी इतकं पाळत नाही. नट आवळले म्हणजे झालं असं नाही. आधी गाडीत वजन टाकायचं, वाळूच्या गोण्या — त्या काय, भिंतीशी रचल्यात — म्हणजे पाटे एकमेकांवर नीट बसतात. ते बसले की आधी घट्ट वाटणारा नटसुद्धा थोडा फिरतो. मग लांब दांड्याच्या पान्याने शेवटचं ओढायचं. आणि ओढून झालं की नटावरून बोल्टवर एक पिवळी रेघ मारायची, ऑइलपेंटची, बारीक ब्रशने. रेघ म्हणजे — हा बघितला, हा पक्का. आणि गाडी फिरून आली की खाली वाकून बघायचं, रेघ सरळ आहे तर नट हललेला नाही, तुटली तर हलला. मी दुसरीत होते तेव्हापासून त्या रेघा माझ्या. अब्बांचा हात मोठा, ब्रश बोटांत मावायचा नाही. मी पाठीवर झोपून आत सरकायचे आणि ते बाहेरून बॅटरी धरायचे. जरा वाकडी गेली की रॉकेलचं फडकं आत यायचं. पुसायचं, परत मारायची. एकदा एका टेम्पोला मी चार वेळा मारली होती, रडत रडत, आणि त्यांनी बॅटरी काही खाली केली नाही.

मग नववीत गेले आणि एक दिवस म्हणाले, आता खाली येत जाऊ नको. का? तर अभ्यास. तर लोक येतात-जातात. तर हात काळे करून काय मिळणार आहे. बरं. मी काय बोलणार — मी बोलते कुठे! मी वर गेले. अम्मी खूश. पहिल्या आठवड्यात सवयीने नखांतलं ग्रीस काढायला बसले, तर नखं स्वच्छ होती. तेव्हापासून रेघा मिस्त्रीच मारायचे, कशातरी, बोटाने सुद्धा, आणि मला एवढं काही वाटायचं नाही. खरंच नाही वाटायचं. मिस्त्री म्हातारे आहेत. अब्बा स्वतः म्हणायचे, काय रेघ आहे का मुंगीचा रस्ता. म्हणजे त्यांना आठवत होतं ना.

जूनमध्ये तनया आली. कोथरूडची. इंजिनिअरिंगला आहे, त्यांच्या कॉलेजची मुलं मिळून गाडी बनवतात, खड्ड्यांतून पळवायची, तर तिला मागच्या चाकांचं सगळं शिकायचं होतं. पहिल्या दिवशी बाबांबरोबर आली होती, पांढरे बूट घालून. मला वाटलं, दोन दिवस. अब्बांनाही तसंच वाटलं असणार. तर दुसऱ्या दिवशी ती जुने बूट घालून आली. तिसऱ्या दिवशी गाडीखाली. आणि अब्बा — काका, आमचे अब्बा, जे मिस्त्रींशी दिवसात दहा शब्द बोलतात, ते तिला तासतास सांगायला लागले. या पाट्याची कमान इतकीच का. हा आवाज कुठून येतो, कान लाव. मला कधी कान लाव म्हणाले नाहीत. मी आपली जिन्याच्या पाचव्या पायरीवर, तिथून दिसतं पण आपण दिसत नाही, मांडीवर विज्ञान. मी खाली आले तर हात काळे होतात, आणि ती आली तर ते ट्रेनिंग! बरं, चांगली आहे हो ती. तेच तर. वाईट असती तर सोपं होतं. माझ्यासाठी जुनी प्रश्नपत्रिकांची पुस्तकं आणली, एकदा तर मला वर बघून विचारलं, ‘तुला पण येतं का गं यातलं?’ मी तोंड उघडेपर्यंत अब्बाच बोलले. ‘अरे उसको क्या, वो तो पढ़ाईवाली है.’ आणि दोघं हसले. ती म्हणजे काय अडाणी आहे? तीही पढ़ाईवालीच की.

थांबा ना, कप राहू द्या, मी उचलते. अजून अर्धा आहे तुमचा. काय सांगत होते — हां, तर आता तिच्याकडे शटरची चावी आहे. तिला बसने लवकर पोचायला होतं म्हणून, ती सकाळीसकाळी येऊन काम सुरू करते म्हणून. मी याच इमारतीत राहते, माझ्याकडे आहे का? माझ्याकडे जिना आहे. गोण्या तर ती एकटी चढवते, ती चेनपुली आहे ना वर, तिने. अब्बांनी अम्मीला जेवताना दोनदा सांगितलं, पोरगी एकटी गोण्या चढवते. दोनदा. मी म्हटलं, मीही भाजीची पिशवी रोज जिन्याने वर चढवते. मनात म्हटलं. आणि तिला ते बेटा म्हणतात. तनया बेटा, पाना दे. तनया बेटा, डोकं सांभाळ. आता मला काय कोणी बेटा म्हणायचं नाही असं नाही — पण जेवायला ये, लाइट बंद कर, यात बेटा लागत नाही ना. बेटा कामात लागतो.

आणि मग गणपतीच्या आधी कधीतरी ब्रश तिच्या हातात दिला. मी बघितलं वरून. तोच ब्रश, मी त्याची दांडी दोऱ्याने बांधली होती, बोटाला घट्ट बसावी म्हणून. दोरा तसाच होता. तिने रेघ मारली ती केवढी जाड, रंग खाली ओघळला, नटाची कड बुडाली. मी वाट बघत होते. आता रॉकेलचं फडकं जाईल आत. आता जाईल. ते म्हणाले, ‘चलेगा.’ चलेगा! माझी नखभर वाकडी गेली तर चालायची नाही.

तुमच्या गाडीवर आहेत ना रेघा, बघितल्या का? नाही, वाका जरा, गुडघा टेका, तिथे पोतं टाकलंय. डाव्या चाकाच्या आतून बघा. दिसल्या? चारही नट. पलीकडेही तशाच. बघा, कुठे ओघळ आहे का — नाही. बारीक आहे, सरळ आहे, नटाच्या बरोब्बर मधून बोल्टवर चढलीये. आणि ती आतली, शॉकअपच्या मागची, तिथे हातच जात नाही नीट, कोपर दुमडून, मान वाकडी करून मारावी लागते, तरी बघा. सुंदर ना? तुम्ही पहिले आहात हं, असं म्हणणारे. त्या मागच्या रेघेला तर मी श्वास रोखून धरला होता — तिने. तिने धरला असेल. तनयाने. मी म्हणाले का मी? नाही हो. बोलायची सवय नाही ना, म्हणून असं होतं. उठा, कपडे खराब होतील तुमचे.

सकाळी अब्बा खाली उतरले तेव्हा मी पाचव्या पायरीवरच होते. त्यांनी बॅटरी घेतली, वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, आता पाना मागतील. ते नेहमी एक तरी नट स्वतः ओढून बघतात, कोणीही केलेला असो. माझ्या वेळी तर आठच्या आठ बघायचे. तर ते काय म्हणाले माहितीये? एकटेच होते, कोणाला ऐकवायचं नव्हतं, आपल्याशीच बोलले. ‘वा. आज लकीर सीखी लड़की.’ लड़की म्हणजे ती. सकाळी परीक्षेला जायच्या आधी येऊन, गोण्या चढवून, नट ओढून, गोण्या परत रचून, रेघा मारून गेली असं समजले. आणि उठले. पाना लावलाच नाही. हात लावून बघितलंसुद्धा नाही, काका. तिच्या कामाला आता बघायचं नसतं. हात पुसले, तुम्हाला फोन केला, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, देख, किती लवकर येऊन करून गेली, आणि तू आठ वाजता उठतेस. मी! पहाटेच्या अजानला जागी होते मी आज.

कोणाचा फोन? घ्या ना. घ्या, मी काही ऐकत नाही. … मुलगी का? चैताली. छान नाव आहे. वारज्याला थांबलीये? पाइप भरून घ्यायला. तुम्ही आहात ना चालवायला, मग ती कशाला — काय? ती चालवते? डोंगरावर, तुमच्या शेजारी बसून नाही, स्वतः? लायसन आहे, बरोबर, पण त्या दगडांवरून? आणि तुम्ही शेजारी बसता. आणि काय करता — बोलता का मध्ये? ‘डावं चाक दगडावर घाल’ असं? नाही? काहीच नाही बोलत? हात कुठे असतो तुमचा, ब्रेकवर? मांडीवर. दोन्ही. असं आहे होय. गेल्या उन्हाळ्यात शिकवली. तिने मागितली शिकायला, की तुम्ही होऊन? तुम्ही होऊन. नाही, काही नाही, सहज विचारलं. केवढी आहे? एकोणीस. म्हणजे आज तुम्ही वारज्यापर्यंत नेणार, तिथे माल भरणार, आणि वर चढताना चैताली चालवणार.

काका, चावी नाही देत मी.

नाही, हरवली नाही. ही काय. पण देत नाही. ओरडू नका ना, मला कोणी ओरडलं की मला पुढचं बोलता येत नाही, आणि पुढचं बोलायलाच पाहिजे. त्या गोण्या बघा. त्यांच्यावर मांजर झोपलंय ना? सकाळीही तिथेच होतं. रात्रभर तिथेच असणार, खाली त्याच्या केसांचा थर बघा. त्या गोण्या गाडीत चढल्याच नाहीत. काल संध्याकाळी पाटे बसवले, नट नुसते अर्धे आवळले, आणि अब्बा तिला म्हणाले, सकाळी वजन टाकून ओढू. ती हो म्हणाली. मग रात्री तिचा मेसेज आला असणार की परीक्षा सकाळची झाली, पण अब्बा मेसेज वाचतात कुठे. ती आलीच नाही सकाळी. रेघा मी मारल्या. मला वाटलं होतं नट ओढून झालेत म्हणून मी — नाही. खोटं. गोण्या दिसत होत्या मला. मांजरसुद्धा दिसत होतं. मला माहीत होतं.

का म्हणजे! कारण अब्बा एक नट ओढून बघतातच. नेहमी. पाना लावला की नट गर्रकन फिरणार, आणि वर पिवळी रेघ, आणि ते म्हणणार, तनया, हे काय? न ओढता रेघ? तेवढंच. एकदा. एकदा तिच्या हातात रॉकेलचं फडकं द्यावं त्यांनी, आणि बॅटरी धरून उभं राहावं, आणि तिला रडू यावं. आणि गाडी तर कुठे जाणारच नव्हती ना, ते ओढून बघणार आणि मग नीट करणार. माझ्या हिशोबात तुम्ही नव्हतातच, काका. चैताली तर नव्हतीच. आणि खरं तर रेघा तिच्यासारख्या मारायच्या होत्या मला, जाड, ओघळ येणाऱ्या, म्हणजे तिच्याच वाटतील. पहिला नट तसा करायलाही घेतला. पण हाताने ऐकलंच नाही. पहिली रेघ बारीक आली आणि मग दुसरी तिच्या शेजारी जाड कशी मारणार, वाईट दिसलं असतं. मग सगळ्या नीटच आल्या. दीड वर्षाने, काका. आणि त्या बघून ते तिला वा म्हणाले.

असं बघू नका माझ्याकडे. मी वाट बघत होते की अब्बा तुमच्या आधी येतील. तुम्ही आलात, मी चहा केला, आलं किसायला किती वेळ लावला मी, तुम्ही खालून हाक मारलीत तेव्हा मी नुसती किसणी धरून उभी होते. त्यांना अकरा वेळा फोन लावला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ढिला यू-बोल्ट घेऊन चढावर काय होतं मला माहितीये. इथे आली होती एक तशी गाडी, टोचन लावून ओढत आणलेली, मागचा ॲक्सल एका बाजूने पुढे गेलेला, चाक मडगार्डात घुसलेलं. त्यातल्या माणसाला काही लागलं नव्हतं. तरी तो गाडीकडे पाठ करून बसला होता. अम्मीने त्याला साखर-पाणी दिलं होतं.

काय म्हणालात? आपण दोघं? गोण्या तुम्ही चढवता, पाना मी लावते. येतो मला, दांडी लांब असली की येतो. ओढून घेऊ, रेघा तुटतील, त्या पुसून मी परत मारते, अब्बा यायच्या आत. आणि तुम्ही कोणाला सांगणार नाही. खरंच नाही सांगणार? चैतालीलाही? … तुम्ही फार चांगले आहात. मला वाटलं तुम्ही आत्ता शेजारच्यांना गोळा कराल. तुमच्या जागी मी असते तर केलं असतं. म्हणजे गाडी पक्की, तुम्ही डोंगरावर, मी वर भूगोलात, कोणाला काही कळणार नाही. संध्याकाळी ती येईल, आणि अब्बा तिला म्हणतील, तनया बेटा, आज काय रेघा मारल्यास. ती म्हणेल, मी कुठे, मी तर आलेच नाही. मग ते मिस्त्रींना — नाही, मिस्त्री गावाला. मग विचार करतील. किंवा नाही करणार. तिला वाटेल चेष्टा करतायत, ती हसेल, आणि झालं. त्या रेघा तिच्याच राहतील. तीच शिकली. ‘लकीर सीखी लड़की.’

नाही. नको. पाना ठेवा तिकडे. गोण्यांना हात लावू नका, मांजर उठेल. अहो, समजून घ्या ना — सगळं गुपचूप नीट केलं तर त्यांना कधीच कळणार नाही की ज्या रेघेवर ते एवढा वेळ बॅटरी धरून बसले ती कोणाची होती. सांगितलं तर ओरडतील. माहितीये मला. जिना बंद करतील, कुलूपसुद्धा लावतील, दहावी होईपर्यंत खाली पाय ठेवू देणार नाहीत, कदाचित कधीच नाही. ढिल्या नटावर रेघ — त्यांच्या लेखी याच्याहून वाईट काही नसतं, चोरीसुद्धा नसेल. पण ओरडायच्या आधी त्यांना बघावं लागेल ना परत. खाली वाकून. आणि बघितलं की कळेल. आणि ओरडले तर माझ्यावर ओरडतील. तिच्यावर एकदाही ओरडले नाहीत ते, जूनपासून. म्हणजे बघा.

स्कूटर. ऐकली? आमचीच. ते वळण घेताना इंजिन बंद करतात आणि नुसती घरंगळत आणतात, पेट्रोल वाचवायला. चावी धरा तुम्ही. धरा हो, आता माझ्याकडे नको. गाडी सुरू करू नका पण. आणि तुम्ही काही बोलू नका, माझी बाजू घेऊ नका, पोर आहे वगैरे काही म्हणू नका, मला ते चालणार नाही. बॅटरी कुठे गेली — असू दे. चहा संपला ना तुमचा? मग बाहेर जा, काका. नाही, दारात नाही. गेटच्या बाहेर, रस्त्यावर. मी हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. जा ना. जा म्हणते ना —